घडणीतले शहाणपण



हे पुस्तक तुम्ही आत्ता उघडले, ते कोणत्या बाजूने? डावीकडून. याआधीच्या तासाला तुमच्या हातात उर्दूचे पुस्तक असेल, तर ते तुम्ही उजवीकडून उघडले असणार. दिवसातून चार-पाच वेळा तुमचे हात अशी दिशा बदलतात आणि तुमच्या ते ध्यानातही येत नाही. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून उर्दू पुस्तकाची शिवण उजव्या बाजूला असते. मराठीची ओळ डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून मराठी पुस्तकाची शिवण डाव्या बाजूला असते. डोळे ज्या बाजूला येऊन थांबतात, त्याच बाजूचे पान हात उलटतो. डोळ्यांना आणि हातांना असे एकत्र चालवण्याचा विचार कोणीतरी, केव्हातरी केला. तो इतका चोख होता, की आपण तो विसरूनच गेलो.

आज मला तुमच्याशी अशाच विसरलेल्या विचारांविषयी बोलायचे आहे.

एखादी वस्तू कोण वापरणार, कशी वापरणार, ती कुठे धरणार, याचा आधी विचार करून तिला आकार देणे, याला इंग्रजीत 'डिझाइन' म्हणतात. आपण हा शब्द ओढणीवरच्या वेलबुट्टीसाठी नाहीतर मेंदीच्या नक्षीसाठी वापरतो. नक्षी डोळ्यांना सुख देते. मी ज्या डिझाइनविषयी बोलणार आहे, ते हाताला, पायाला, पाठीला सुख देते आणि बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. मराठीत त्याला 'घडण' म्हणता येईल. तुमच्या घरी यासाठी 'बनावट' हा शब्द वापरत असतील. मराठीत मात्र तो जपून वापरा. मराठीत 'बनावट नोट' म्हणजे खोटी नोट! बी.एड.च्या वर्गात सराव पाठ देताना मी एकदा म्हणाले, "या खुर्चीची बनावट फार चांगली आहे." सारा वर्ग हसू लागला. तेव्हापासून मी 'घडण' हाच शब्द धरून बसले आहे.

माझे माहेर वाईचे. सातारा जिल्ह्यात, कृष्णा नदीच्या काठी वसलेले हे जुने गाव. माझे अब्बा तिथे शिवणकाम करीत. बाजारपेठेत त्यांचे एका खणाचे दुकान होते. एक मशीन, एक फळी, भिंतीवर खुंटीला टांगलेली कात्री आणि अब्बांच्या गळ्यात कायम मापाची फीत. शाळेतून आले, की मी त्या फळीखाली बसून कापडाचे तुकडे गोळा करीत असे.

जून महिना आला, की गणवेशासाठी मुलांची रांग लागे. अब्बा प्रत्येक मुलाचे माप घेताना त्याला आधी सरळ उभे करीत. मग म्हणत, "आता हात वर कर. आता खाली वाक. आता दप्तर पाठीला लावून दाखव." मुले हसत. मलाही गंमत वाटे. एकदा मी विचारले, "अब्बा, माप घ्यायला एवढी कसरत कशाला?"

अब्बा म्हणाले, "बेटी, मुलगा माझ्या दुकानात सरळ उभा राहतो. शाळेत तो सरळ उभा राहतो का?"

कुडता शिवताना ते काखेत कापडाचा एक छोटासा चौकोनी तुकडा जोडत. वरून पाहणाऱ्याला तो दिसत नसे. पण त्या तुकड्यामुळे हात वर केला तरी शिवण ताणत नसे, फाटत नसे. लहान मुलांच्या चड्डीला आणि फ्रॉकला ते खालच्या बाजूने दोन-तीन बोटे कापड जास्त घेऊन आत दुमडून ठेवत. वर्षभराने मूल वाढले, की त्याची आई ती शिवण उसवून कपडा लांब करून घेई. गरिबाच्या घरात त्या दोन बोटांवर एक वर्ष निघे. त्या दोन बोटांचे पैसे अब्बांनी कधी वेगळे घेतले नाहीत. कोणी त्यांना 'डिझायनर' म्हटले असते, तर त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिले असते, की हा कोणाला हाक मारतो आहे!

आमच्या घरात दादीचा एक बधना होता. वजूसाठी वापरतात तो तोटीचा लोटा. तांब्याचा, आतून कलई केलेला. पोट मोठे, मान निमुळती, तोटी बारीक. मान मुठीत घट्ट बसे. थोडेसे कलते केले, की तोटीतून पाण्याची बारीक धार पडे. हात सरळ केला, की धार थांबे. एका बधन्यात दादीचा वजू पुरा होई आणि तळाशी थोडे पाणी उरे. ते ती मोगऱ्याच्या कुंडीत ओती. एकदा बधना कलईला दिला होता, म्हणून तिने प्लॅस्टिकच्या मगने वजू केला. दोन मग पाणी संपले तरी पाय धुवायचे राहिलेच. मग वाईट नव्हता. तो भसकन पाणी ओतण्यासाठी केलेला होता आणि बधना जपून पाणी वापरण्यासाठी.

आपल्या घरातल्या अशा साध्या भांड्याने मोठमोठ्या जाणकारांनाही थक्क केले आहे. चार्ल्स ईम्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतील एक प्रसिद्ध डिझायनर जोडपे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते इथे आले, देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी सरकारला एक अहवाल सादर केला. भारतात पाहिलेल्या असंख्य वस्तूंमधून त्यांनी मान दिला तो आपल्या लोट्याला. लोट्यात पाणी किती मावावे, तो उचलणाऱ्याचा हात केवढा असतो, तो कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, तो आतून स्वच्छ करता येतो का, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या अहवालात मांडले. लोटा कोण्या एका माणसाने बनवला नाही. पिढ्यान्‌पिढ्या अनेक हातांनी तो थोडा थोडा सुधारत नेला, असे त्यांचे म्हणणे होते. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. म्हणजे पाहा, देशातली ही नामवंत संस्था उभी राहिली, त्याच्या मुळाशी आपल्या मोरीतल्या लोट्याचाही थोडा वाटा आहे.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवून अब्बा कधीकधी आम्हा भावंडांना कृष्णेच्या घाटावर नेत. वाईचे दगडी घाट प्रसिद्ध आहेत. घाटाच्या पायऱ्या पाण्यात खोलवर उतरत गेलेल्या आहेत. मला वाटे, पाण्याखाली पायऱ्या कशाला? तिथे कोण चालणार? मग एका उन्हाळ्यात पाणी आटले आणि खालच्या चार-पाच पायऱ्या उघड्या पडल्या. त्यांच्यावर बसून बायका धुणे धूत होत्या. पावसाळ्यात पाणी चढले, की त्याच बायका वरच्या पायरीवर येऊन बसत. नदी वर येवो, खाली जावो, पाण्याच्या काठाला एक पायरी नेहमी हजर असे. वर्षभर वर-खाली होणाऱ्या पाण्याशी जमवून घेईल अशी बसण्याची जागा त्या दगडी कामात आधीच तयार ठेवलेली होती.

घाटाला लागूनच ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. मूर्ती एका अखंड दगडातली आणि चांगलीच भव्य, म्हणून लोकांनी प्रेमाने हे नाव ठेवले. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे मंदिर बांधले. नदीच्या इतक्या जवळ, की मोठा पूर आला तर पाणी थेट भिंतीला भिडावे. अब्बा आम्हाला बाहेरून मंदिराच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. मागची भिंत सरळ नव्हती. माशाच्या तोंडासारखी ती पुढे निमुळती होत आली होती.

"ही भिंत अशी का?" अब्बांनी विचारले.

आम्ही गप्प. मग त्यांनी तळहात सपाट धरला आणि म्हणाले, "पाणी असे सपाट भिंतीवर आदळले तर काय होईल? सगळा जोर भिंतीवर येईल." मग दोन्ही तळहात त्यांनी होडीच्या टोकासारखे जुळवले. "आता पाणी आले तर?"

"दोन्ही बाजूंनी निघून जाईल," माझा भाऊ म्हणाला.

"बरोबर. काखेत कापडाचा तुकडा जोडतो, तसेच हे. हात वर जाणारच आहे, त्याला जागा द्यायची. पाणी येणारच आहे, त्याला वाट द्यायची."

या मंदिराला अडीचशेहून अधिक वर्षे झाली. नदीच्या वरच्या अंगाला धोम धरण झाल्यापासून पूर्वीसारखे पाणी चढत नाही. तरीही पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले, की घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडू लागतात. अशा वेळी मला ती भिंत आठवते. दर्शनाला येणारे लोक मूर्तीपुढे हात जोडतात आणि समोरूनच परत जातात. मागची भिंत पाहायला फारसे कोणी जात नाही. भिंतीची त्याबद्दल तक्रार नसावी. तिचे काम नदीशी आहे.

पुढे बी.एड.ला असताना आमची सहल सातारा भागात गेली होती. वाईहून साताऱ्याकडे जाताना महामार्गापासून थोडे आत लिंब नावाचे गाव आहे. तिथे बारामोटेची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवून घेतली. विहीर आठ कोनांची, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. नाव सांगते त्याप्रमाणे तिच्यावर एका वेळी बारा मोटा चालवण्याची सोय होती. तुमच्यापैकी बहुतेकांनी मोट पाहिलेली नसेल. विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीतून शेताला पाणी द्यायला मोट वापरीत. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिला खालच्या बाजूला हत्तीच्या सोंडेसारखी एक लांब नळी असे. तिला सोंडच म्हणत. मोटेला दोर दोन. जाड दोर मोटेच्या तोंडाला, त्याचे नाव नाडा. बारीक दोर सोंडेच्या टोकाला, त्याचे नाव सोंदूर. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेला वर धरून ठेवी, त्यामुळे पाणी सांडत नसे. मोट काठाशी आली, की सोंड पुढे थारोळ्यात पसरे आणि सगळे पाणी आपोआप ओतले जाई. मोट रिकामी करायला काठावर दुसरा माणूस उभा करावा लागत नसे. बैलही मोट ओढताना उतारावरून खाली चालत, म्हणजे त्यांच्या अंगाचे वजनच कामाला येई. शेतकऱ्याचा एक माणूस वाचला, बैलांचे श्रम वाचले. हा दुसरा दोर ज्याने पहिल्यांदा बांधला, त्याचे नाव मात्र कोणत्याही शिलालेखावर नाही.

घडण दगडाची, कापडाची, चामड्याची असते, तशी ती ज्ञानाचीही असते. आमच्या वाईतच मराठी विश्वकोशाचे काम झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. जगातले हजारो विषय त्यात आहेत. पण समजा, ते विषय जसे सुचले तसे छापले असते, तर? एखादी नोंद शोधायला आयुष्य पुरले नसते. विश्वकोशातल्या नोंदी अकारविल्हे लावलेल्या आहेत. बाराखडी येणारा शाळकरी मुलगाही हवी ती नोंद दोन मिनिटांत काढू शकतो. मोठ्या पंडितांचे ज्ञान लहान मुलाच्या हाताला लागावे, ही किमया त्या मांडणीची आहे.

मित्रांनो, आतापर्यंत मी तुम्हाला चांगल्या घडणीच्या गोष्टी सांगितल्या. आता एक वाईट घडणीची गोष्ट सांगते. त्यात माझीही चूक आहे, म्हणून ती सांगणे मला थोडे जड जाते.

मी नोकरीला लागले, त्या पहिल्या शाळेतली ही गोष्ट. शाळेत पाण्याची नवी टाकी बांधली गेली. टाकीला ओळीने सहा नळ, मागे निळ्या फरश्या. आम्ही सगळे खूश होतो. त्या वर्षी पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. वर्गात एक हडकुळी, अबोल मुलगी होती. मधल्या सुट्टीनंतर ती रोज भिजून येई. बाही ओली, कधी फ्रॉकही ओला. वही ओल्या हाताने धरल्यामुळे अक्षरे फिसकटत. मी दोन दिवस समजावून सांगितले. तिसऱ्या दिवशी रागावले. "एवढी मोठी झालीस, अजून पाणी प्यायचे कळत नाही?" सारा वर्ग हसला. तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून ती कोरडी येऊ लागली. मला वाटले, मुलगी सुधारली. माझ्या बोलण्याचा परिणाम झाला, म्हणून मनात थोडा अभिमानही वाटला.

एप्रिलचा महिना होता. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. एके दिवशी दुपारी ती बाकावरच कलंडली. आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "सकाळपासून ही पाणी किती प्यायली?" मी तिच्याकडे पाहिले. ती काहीच बोलली नाही. सलाइन लावल्यावर तासाभराने तिला बरे वाटले. मग मी तिच्याजवळ बसून हळूच विचारले, "बेटा, शाळेत पाणी का पीत नाहीस?"

ती म्हणाली, "टीचर, नळ उंच आहे. हात वर केला की पाणी बाहीतून आत जाते. मग तुम्ही रागावता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी मी टाकीपाशी गेले. नळ माझ्या छातीच्या उंचीला होते. मला ते अगदी सोयीचे होते. मग मी तिथे उकिडवी बसले, पहिलीतल्या मुलाइतकी खाली झाले आणि हात वर करून नळ सोडला. थंड पाण्याचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आणि कोपरावरून थेट काखेत गेला. अब्बा माप घेताना 'हात वर कर' असे का म्हणत, ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. ज्यांनी टाकी बांधली, त्यांनी लहान मुलांना कधी हात वर करायला सांगितलेच नव्हते. आणि मीही तिला न विचारताच दोष देऊन मोकळी झाले होते.

डॉनल्ड नॉर्मन नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत. १९८८ मध्ये त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या घडणीवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली आहे. दार ढकलायचे की ओढायचे हे कळले नाही, यंत्राचे चुकीचे बटण दाबले गेले, की माणूस स्वतःलाच दोष देतो. 'मीच वेंधळा,' असे म्हणतो. खरे तर पुष्कळ वेळा दोष त्या वस्तूच्या घडणीत असतो. मोठी माणसे जर असा दोष स्वतःकडे घेतात, तर सहा वर्षांच्या मुलीने काय करावे? तिने दोष मुकाट्याने घेतला आणि पाणी पिणेच सोडून दिले.

तेव्हा अब्बांनी दुकान बंद केले होते. डोळे अधू झाल्यामुळे सुईत दोरा जाईनासा झाला होता. त्यांची मापाची फीत मी मागून घेतली. आठवीच्या मुलामुलींना गणिताच्या तासाला बरोबर घेऊन आम्ही पहिली आणि दुसरीच्या सगळ्या मुलांचे माप घेतले. मूल ओंजळ पुढे करते, तेव्हा ती जमिनीपासून किती उंचीवर येते, हे वहीत लिहिले. मग नळांची उंची मोजली. नळ चार फुटांवर होते. मुलांची ओंजळ दोन-अडीच फुटांच्या आसपास. आठवीच्या एका मुलाने दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि वर्ग एकदम गप्प झाला. कोणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

ती वही घेऊन आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी आकडे पाहिले, स्वतः टाकीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे आमच्या लक्षातच आले नाही." दोन आठवड्यांनी प्लंबर आला. त्याने त्याच नळीला जोड देऊन दोन नळ खाली बसवले. खर्च फार आला नाही. नवी टाकी बांधायला जेवढा खर्च झाला, त्याच्या मानाने तर काहीच नाही.

मुलांना आता मोजण्याचा छंदच लागला. आठवीच्या मुलींनी एक दिवस येऊन सांगितले, "टीचर, स्वच्छतागृहाच्या आतली कडी लहान मुलींच्या हाताला लागत नाही. दार धरायला मैत्रीण नसेल, तर त्या जातच नाहीत." ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती, मीही कोणाला विचारली नव्हती. कडी खाली बसवायला सुताराला अर्धा तास लागला.

त्या वेळेपासून मला एक सवय लागली आहे. कोणतीही वस्तू पाहिली, की मी मनात विचारते, 'ही करताना माप कोणाचे घेतले होते?' शाळेच्या दारात चार पायऱ्या असतील, तर चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलाचे माप त्यात आहे का? दवाखान्यातली सूचना बारीक अक्षरात असेल, तर चष्मा लावणाऱ्या दादीचे माप त्यात आहे का? कात्री उजव्या हाताला बेतलेली असेल, तर डावखुऱ्या मुलाने काय करायचे?

आणि जिथे असे माप घेतलेले दिसते, तिथे त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात सलाम करते. घरातला तीन पिनांचा एखादा प्लग हातात घेऊन पाहा. त्यातली एकटी असलेली पीन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. ती जमिनीशी जोडलेल्या तारेची पीन. लांब असल्यामुळे प्लग लावताना ती सर्वांत आधी आत जाते आणि काढताना सर्वांत शेवटी बाहेर येते. म्हणजे वीज येण्याआधी राखणदार हजर आणि वीज गेल्यावरच त्याची सुट्टी. आपल्या अम्मीने इस्त्री लावताना तिला झटका बसू नये, म्हणून कोणीतरी त्या पिनेची लांबी वाढवून ठेवली आहे. स्वयंपाकघरातली विळी पाहा. पाते जागेवर स्थिर, पाट पायाखाली दाबलेला, त्यामुळे भाजी धरायला दोन्ही हात मोकळे. माठ पाहा. त्याच्या मातीतून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. या वस्तूंजवळ आपण रोज वावरतो, पण त्यांच्याकडे पाहत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या गवंडी होईल, कोणी इंजिनिअर, कोणी शिंपी, कोणी सुतार, कोणी शिक्षिका. तुमच्या हातून इमारती होतील, कपडे होतील, खुर्च्या होतील, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होतील. त्या वेळी एक गोष्ट विसरू नका. फळीवर फीत ठेवून कापड मोजता येते. माणूस मोजायला त्याच्याजवळ जावे लागते आणि त्याला हात वर करायला सांगावे लागते. जो अबोल आहे, लहान आहे, तक्रार करणार नाही, त्याचे माप सर्वांत आधी घ्या.

ती शाळा मी पुढे सोडली. सोडण्यापूर्वी जून महिन्यातला एक दिवस मला आठवतो. ती मुलगी तेव्हा चौथीत गेली होती. चांगली उंच झाली होती. पहिलीत नुकताच दाखल झालेला एक छोटा मुलगा मोठ्या नळाकडे हात उंचावून धडपडत होता. तिने त्याचा हात धरला, त्याला खालच्या नळापाशी आणले आणि म्हणाली, "इथे पी. हा तुझा नळ आहे."

आता हा पाठ संपला. पुढचा तास उर्दूचा असेल, तर पुस्तक उजवीकडून उघडा. उघडताना या वेळी एकदा आपल्या हाताकडे पाहा.